सोळातले चार

आई पैजा लावत नाही. ती ठरवते आणि मग आपल्याला कळवते.

"हे बघ," ती म्हणाली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात अंडं. अंड्यात जीव धरलाय की नाही ते ती असं उजेडावर धरून बघते, आणि तेव्हा समोरच्या माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. "महिन्याच्या शेवटच्या बुधवारी वीजवाले रस्त्यावरच्या तारा बदलणारेत. सकाळी लाईट जाणार ती संध्याकाळी येणार. त्या दिवशी माझी पेटी तुझ्या त्या बॅटरीवर चालली, तर जा मिस्त्रीकडे कामाला. मी आडवी येणार नाही."

"आणि नाही चालली तर?"

"तर शाळा. त्याच वर्गात."

त्याच वर्गात म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. मी शाळा सोडली तेव्हा जी पोरं माझ्याकडून सायकल शिकत होती, ती आता त्या वर्गात बसतात. गल्लीत भेटली की मला ताई म्हणतात. त्यांच्या शेजारी बाकावर बसून मी नकाशात डोंगर भरायचे! त्यापेक्षा मी खऱ्या डोंगरावरून उडी मारीन.

"चालेल," मी म्हणाले. "दिवसभर काय, रात्रभर चालवीन."

"अंड्यांना बढाया कळत नाहीत," आई म्हणाली आणि अंडं पेटीत ठेवलं. "ऊब कळते."

पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी. लाकडाची, आतून थर्माकोल लावलेली, पुढे काच. आत एक हीटर, एक छोटा पंखा आणि आईचा सगळा जीव. तिच्या पिल्लांना दूरदूरच्या पोल्ट्रीवाल्यांची मागणी असते. शेवटच्या आठवड्यात पेटी तासभर गार पडली तरी आतली पिल्लं कवच फोडायचं विसरतात, असं ती म्हणते. बाबा बोटीवर असतात. फोन केला की ते आधी पेटीची चौकशी करतात, मग आमची.

छतावर पत्रे कमी आणि सोलरची पॅनेलं जास्त, असं आमचं घर आहे. पॅनेलं बाबांनी मागच्या सुट्टीत लावली, पण बॅटरी राहिली. ती जुळवायचं काम मी मागून घेतलं, कारण कोपऱ्यावरचा सोलरवाला मिस्त्री म्हणाला होता, "मला शिकाऊ पाहिजे. पण बडबडणारा नको, जुळवणारा पाहिजे." त्याच्याकडे सोळा सेल पडून होते, कुठल्या कुठल्या कामातून उरलेले. ते त्याने माझ्या हातगाडीवर चढवले आणि म्हणाला, "जुळव. मग बघू."

मिस्त्री बोलतो कमी. त्याच्या तोंडात कायम एक स्क्रू असतो, त्यामुळे बोललेलंही निम्मं कळत नाही.

आता या सेलांचा स्वभाव सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. लिथियमचा सेल म्हणजे निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली जड वीट. अशा सोळा एकामागे एक जोडल्या की घर चालवायला पुरे इतका दाब तयार होतो. पण सोळाच्या सोळा एकाच वेळी भरल्या पाहिजेत आणि एकाच वेळी रिकाम्या झाल्या पाहिजेत. कारण त्यांच्यावर एक पहारेकरी बसवलेला असतो. बीएमएस म्हणतात त्याला, हातभर वायरी फुटलेलं सर्किट. तो एवढा कडक, की सोळांतला एक जरी पोटभर जेवला तरी सगळ्यांची ताटं उचलतो. आणि एक जरी उपाशी झाला तरी सगळ्यांना कामावरून घरी पाठवतो. मग बाकीच्यांत कितीही दम असो, घरात अंधार.

त्यातून सेल मोठे चेहरा न दाखवणारे. अर्धं पोट भरलंय की पाऊण, मीटर लावून काही कळत नाही. सगळे सारखेच दिसतात. खरं काय ते अगदी भरत आल्यावर कळतं, तेव्हा एखादा एकदम उसळतो आणि दुसरा मागेच रांगत असतो. म्हणून आधी सोळाही जणांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र बांधायचे आणि हळूहळू, अगदी हळूहळू सगळ्यांना काठोकाठ भरायचं. एकमेकांचं बघून सगळे एका पातळीला येतात. मगच त्यांना रांगेत उभं करायचं.

हळूहळू म्हणजे किती? दिवसचे दिवस. आणि मी ती, जिला दूध तापायची वाट बघता येत नाही.

"ठिणगे," आजोबा म्हणाले, "चौथ्यांदा मीटर लावलंस. त्याला गुदगुल्या होत असतील."

आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. मीच एकटी आजोबा म्हणते, तेही राग आला की जोरात. आयुष्यभर त्यांनी टॅक्सी चालवली. टॅक्सी विकून टाकली तरी सीटवर टाकायचा मण्यांचा गालिचा त्यांनी खुर्चीला बांधलाय आणि अजून कोणी खोलीत आलं की आधी विचारतात, "कुठं जायचं?" बॅटरीची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे माझ्या कामावर त्यांची देखरेख फुकट.

"आकडा हलतच नाही!" मी म्हणाले. "तीन पॉइंट तीन, तीन पॉइंट तीन. काल पण तेच!"

"दूध असंच असतं. बघत बसलं की हलत नाही, वळलं की उतू जातं."

"मग मी वळू कशी?"

"वळू नकोस. नुसतं वळल्यासारखं कर."

असला माणूस. पण खरंच, चौथ्या दिवशी दुपारी आकडा हलायला लागला आणि मग दुधासारखाच वर आला. सेल भरणाऱ्या सप्लायचं बटण मी पकडूनच बसले होते. तीन पॉइंट सहा पाच. सेलांनी करंट घेणं बंद केलं. पोटं भरली. सोळाच्या सोळा एका रेषेत. मी एवढ्या जोरात ओरडले, की आई पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं मला शॉक बसला.

"झालं!" मी म्हणाले.

"मग ओरडायचं कशाला? झालं तर झालं," आई म्हणाली आणि परत गेली. पण जाता जाता तिने सेलांच्या रांगेकडे एकदा वळून बघितलं. माझ्या नजरेतून सुटत नाही काही.

मी सेल रांगेत बांधले, पट्ट्या कसल्या, पहारेकरी बसवला, रॅकवर चढवलं. पहिल्या दिवशी फ्रिज, पंखे, पेटी सगळं मी बॅटरीवर टाकलं आणि घरभर राणीसारखी फिरले.

मग पुढच्या आठवड्यात आईने रंगीत तालीम घेतली. न सांगता. सकाळी मी दात घासत असताना तिने मेन स्विच खाली ओढला.

जेवणाच्या आधीच बॅटरी बंद पडली. टक्, आणि पेटीतला पंखा थांबला. आईने मेन स्विच वर केला आणि बोटाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दाखवलं. शेवटचा बुधवार. आता चारच दिवस उरले होते.

"काहीतरी सेटिंग असेल," मी म्हणाले.

"असेल," आई म्हणाली. "शाळेचा गणवेश मी फेकलेला नाही, एवढं लक्षात असू दे."

माझं डोकं फिरलं. रागात मी नेहमी आधी पळते, मग विचार करते. चप्पल न घालता मिस्त्रीच्या दुकानात गेले. त्याचं शटर कायम अर्धंच उघडं असतं, वाकून आत जावं लागतं, आणि वाकून आत गेलेल्या माणसाला नीट भांडता येत नाही. मला वाटतं, ते शटर तो मुद्दामच तसं ठेवतो.

"सडके सेल दिलेत!" मी म्हणाले. "मी एवढं जीव तोडून जुळवले आणि तुमचे सेल सडके!"

मिस्त्रीने स्क्रू तोंडातून काढला. म्हणजे मामला गंभीर.

"कोणते?"

"काय कोणते?"

"सोळांतले कोणते सडके?"

मी बघितलंच नव्हतं. बंद पडली आणि मी पळाले होते.

"भरत आली की बघ," तो म्हणाला. "कोण पुढे, कोण मागे. सेल खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. आणि एक ऐक. परत जुळवशील, ते तुला जमतं. पण का बिघडलं ते मला सांगता आलं पाहिजे. कारण न कळता झालेली दुरुस्ती म्हणजे लॉटरी. मला लॉटरीवाले कामावर नकोत."

"आई म्हणाली पेटी चालली तर..."

"आईचं आईकडे. माझं हे."

म्हणजे आता दोन दारं आणि दोन कुलपं. मी वाकून बाहेर पडले, डोकं शटरला आपटलं, आणि शटरला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. बॅटरी भरत आली तशी मी पहारेकऱ्याच्या छोट्या पडद्यासमोर बसले. बारा सेल वर उसळले, टक्, पहारेकऱ्याने दार लावलं. आणि चार सेल मागे. नुसते मागे नाही, पार खाली रेंगाळत. पाच, सहा, सात, आठ. चौघं शेजारी शेजारी.

मला काही सुचेना. सडका असेल तर एखादा असेल, इकडे एक तिकडे एक असेल. शेजारचे चार एकदम कसे सडतील? साथ आली का काय?

परत सगळं सोडून, बांधून जुळवायला वेळ नव्हता. पट्ट्या काढल्या, घासल्या, परत कसल्या. नट बघितले. मिस्त्रीला फोनवर चौघांचे नंबर सांगितले, तर तो एवढंच म्हणाला, "का?" पुढचे दोन दिवस ढग होते, बॅटरी भरलीच नाही, काही कळायला मार्ग नव्हता. मी घरात सगळ्यांवर भुंकत होते. आजोबांवर सगळ्यात जास्त, कारण ते हल्ली फार आनंदात होते. दुपारी झोपून उठले की शीळ घालायचे. माणसाने इतकं खूश का असावं?

"तुमचं काय जातंय शीळ घालायला," मी म्हणाले.

"हवा जाते," ते म्हणाले.

मंगळवार उजाडला, स्वच्छ उन्हाचा. दुसऱ्या दिवशी वीज जाणार. मी सकाळीच बॅटरीच्या खोलीत जमिनीवर पालथी पडले, रॅकच्या मागे टॉर्च मारला, आणि मला टेप दिसली.

काळी टेप. मी वायर बांधते तेव्हा टेप ओढून तोडते आणि चिकटवते, संपलं. पण ही टेप गुंडाळून तिचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखाने सोडवता यावं म्हणून. असं टोक दुमडणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. ज्याने आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वायरी बांधल्या आणि सोडल्या.

पाचव्या सेलच्या खालून एक वायर, आठव्याच्या वरून एक वायर. दोन्ही रॅकच्या पायाला चिकटून खाली, आणि खालून भिंतीतल्या पाइपच्या भोकातून पलीकडे.

पलीकडे आजोबांची खोली.

मी दार ढकललं. आजोबा मण्यांच्या गालिच्यावर बसले होते, हातात कप. पलंगाखाली एक छोटी स्टीलची किटली वाफा सोडत होती. तिच्या वायरीचं टोक टॅक्सीच्या सिगरेट लायटरच्या भोकात खुपसलेलं. टॅक्सी विकली, पण भोक ठेवून घेतलं!

"कुठं जायचं?" आजोबा सवयीने म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी कप मागे लपवला.

"आजोबा!"

"हळू. आई ऐकेल."

"माझ्या बॅटरीतून चहा!"

"थोडाच. सकाळी एक, दुपारी एक." ते थांबले. "पाऊस पडला तर एक."

डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केलीय. आईने डबा इतक्या वर ठेवलाय, की तिला स्वतःलाच स्टूल लागतं. स्वयंपाकघरात ती त्यांना जो चहा देते त्यात साखर नसते, आणि ते तो पितात तेव्हा त्यांचं तोंड गाडीचा दंड भरताना व्हायचं तसं होतं.

"माझे चार सेल रिकामे केलेत तुम्ही! मी इथं नट घासत बसलेय! सडके म्हणून मिस्त्रीच्या अंगावर धावून गेले!"

"रिकामे कसे?" आजोबांना खरंच कळत नव्हतं. "मी सगळी बॅटरी घेतलीच नाही. गाडीच्या वस्तूला बारा व्होल्टच लागतात. चार सेल मोजून घेतले. सोळांतले चार गेले तरी बारा आहेत की तुझ्याकडे."

मी डोक्याला हात लावला. हिशेब कसा सरळ! सोळा भावंडं, त्यांतल्या चौघांना घेऊन मी फिरायला गेलो, घरी बारा आहेतच. आता यांना कसं सांगू, की ते चौघं दमून परत येतात आणि मग त्या बारांनाही कोणी काम करू देत नाही.

"आजोबा, रस्सीखेच बघितलीय? सोळा जण एका दोराला. त्यातल्या चौघांना तुम्ही रोज आधी पळवून दमवता. आणि पंच असा आहे, की एक जरी खाली बसला तरी सगळी टीम बाद."

आजोबांनी कप खाली ठेवला. "मग उद्या पेटी..."

"बंद पडणार. आणि मी शाळेत जाणार. आणि तुम्ही इथं शीळ घालत बसा."

"आईला सांगणारेस?"

खरं सांगायचं तर जिभेवर होतं. पण त्यांच्या मिशीला साखरेचा एक कण चिकटला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. चोरी पकडल्यावर माणूस एवढा निरागस दिसला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

"मी चहाडखोर नाही," मी म्हणाले. "पण चौघांचं पोट आज संध्याकाळपर्यंत भरायला पाहिजे. सगळे सोडून परत बांधायला चार दिवस लागतात."

"चौघांचंच भरायचंय ना?" आजोबा उठले. "बारा व्होल्टचं ना?" आणि पलंगाखाली घुसून त्यांनी एक गंजलेला डबा ओढून काढला. टॅक्सीची बॅटरी चार्ज करायचा चार्जर.

माझ्या मनात आलं, या पलंगाखाली अजून अख्खी टॅक्सी असेल. पण मी मीटर लावलं. चौदा पॉइंट चार. त्याचे चार भाग केले की प्रत्येकाला तीन पॉइंट सहा. जेवढं हवं तेवढंच. माझं तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?" आजोबा म्हणाले. "बिघडलाय?"

"नाही," मी म्हणाले. त्यांना शाबासकी द्यायची नव्हती, म्हणून एवढंच म्हणाले, "चालेल."

उन्हाने बाकीचे बारा भरेपर्यंत थांबले आणि मग बॅटरी घरापासून सोडवली. पेटी तेव्हा रस्त्याच्या विजेवरच होती. त्यांच्याच चोरट्या वायरींनी त्यांचाच चार्जर लावला, जिथून घेतलं तिथंच परत. आणि दंड म्हणून आजोबांना मीटरसमोर स्टुलावर बसवलं. चारांपैकी कुठलाही सेल उसळायला लागला की ओरडायचं, हे काम.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. "ठिणगे, आकडा हलत नाहीये."

"हो का?"

"मघापासून तोच."

"त्याला गुदगुल्या करू नका."

परत थोडा वेळ. "मी जरा पाय मोकळे करून येऊ?"

"नुसते केल्यासारखे करा."

दुपारभर ते बसले. चहाशिवाय. आई एकदा डोकावली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही इथं?" तर म्हणाले, "नात शिकवतेय." आईचा विश्वास बसला नाही, पण अंड्यांवर पाणी शिंपडायची वेळ झाली होती. ऊन उतरायच्या आत चौघं काठोकाठ भरले. वायरी मी स्वतः कापल्या. बाकीचे बारा भरलेलेच होते. सोळा जण परत एका रेषेत.

बुधवारी सकाळी लाईट गेली. पेटीतला पंखा अडखळलासुद्धा नाही. आईने काचेला हात लावला, मग कामाला लागली. दुपारपर्यंत पॅनेलंही हातभार लावत होती. पण संध्याकाळ झाली आणि रस्त्यावरचे वीजवाले अजून शिडीवरच. एक जण खाली उतरला, त्याने नवीन तारेकडे बघून मान हलवली आणि परत वर चढला.

मी फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, एक दिवा ठेवला. पेटी सोडून घरातलं सगळं गप्प. पडद्यावर सेल उतरत होते. पण एकटा कोणी घसरत नव्हता. जिन्यावरून एकमेकांचा हात धरून उतरावं तसे सोळाही एकेक पायरी, बरोबर. मी ते बघत बसले आणि पहिल्यांदाच मला वाट बघायचा कंटाळा आला नाही.

अंधार पडल्यावर बाहेर "आली रे" असा ओरडा झाला आणि रस्ता उजळला. आईने पेटीचं दार उघडलं, आत हात घातला, तसाच ठेवला. मग म्हणाली, "गरम आहे."

बस. एवढंच. पण आईकडून हे म्हणजे ढोलताशे.

तेवढ्यात मिस्त्री आला. आईनेच बोलावलं होतं. तिला सगळ्याला साक्षीदार लागतो. त्याने बॅटरीच्या खोलीत टॉर्च फिरवला, पडदा बघितला, पट्ट्या हलवून बघितल्या.

"छान," तो म्हणाला. आणि तोंडातून स्क्रू काढला. "कारण काय होतं?"

आई दारात उभी. भिंतीपलीकडे आजोबांच्या खोलीत एकदम शांतता. मघापासून खोकत होते, तेही बंद.

मला आयुष्यात गप्प बसायला कोणी शिकवलं नाही आणि खोटं बोलायला तर मुळीच नाही. "नट," मी म्हणाले. "नट ढिला होता."

"एक?"

"एक."

"एका ढिल्या नटाने चार सेल रिकामे?" मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "आठवडाभरात? आणि चौघं शेजारी?"

"मोठा नट होता," मी म्हणाले.

आईची भुवई वर गेली. मिस्त्रीने स्क्रू परत तोंडात घालायला उचलला, आणि मला कळलं की तो स्क्रू आत गेला की माझं काम गेलं. लॉटरीवाली. घशापर्यंत सगळं आलं होतं. भिंतीकडे बघितलं आणि गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "झालं दुरुस्त. एवढंच माहीत आहे."

"हं." मिस्त्रीने खाली वाकून रॅकच्या पायाजवळ टॉर्च मारला. तिथे वायरींचे कापलेले तुकडे पडले होते, मी उचलायचे विसरले होते. त्याने एक उचलला. "हे बघा ताई," तो आईला म्हणाला, "असं होतं. कोणीतरी गाढवाने मधूनच बारा व्होल्ट काढलेत. चार सेलांवरून. असली माणसं घर जाळतात. ना अक्कल, ना काही. वायर घेतली, जोडली, मध्ये साधा फ्यूजसुद्धा..."

"फ्यूज घातला होता!" भिंतीपलीकडून आवाज आला.

मिस्त्रीचा टॉर्च भिंतीकडे वळला.

"पंधरा अँपियरचा!" आवाज आणखी चढला. "आयुष्यभर गाडी चालवलीय मी! बिनफ्यूजची वायर टाकीन मी? गाढव कोणाला म्हणतो रे?"

आमच्या घरात माझा स्वभाव कुणावर गेलाय, यावर बरीच वर्षं चर्चा होती. ती त्या क्षणी संपली.

"अण्णा," आई म्हणाली, "बाहेर या."

आजोबा बाहेर आले, छाती पुढे काढून. मिस्त्री त्यांच्याकडे नीट बघत म्हणाला, "पंधराचा बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" आई म्हणाली. "कशासाठी काढले होते बारा व्होल्ट?"

आजोबांची छाती हळूहळू मागे गेली. "किटली," ते म्हणाले.

"आणि साखर?"

"साखरेला वायर लागत नाही."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आई मात्र हसली नाही. माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मोठा नट म्हणालीस."

"हो."

"काम जात होतं तरी?"

मी वायरींचे तुकडे गोळा करायला लागले. राग आला होता, पण कोणाचा ते सापडत नव्हतं.

"कारण काय ते तिला माहीत होतं," मिस्त्री भिंतीकडेच बघत म्हणाला. "माझं काम झालं. खोटं बोलायला शिकवावं लागेल तेवढं. मोठा नट! गिऱ्हाईक हाकलून देईल."

"खोटं बोलायला शिकवू नका," आई म्हणाली. "वायर जोडायला शिकवा. पेटी चाललीय, मी ठरवलं ते ठरवलं." मग आजोबांना म्हणाली, "किटली द्या इकडे. चहा प्यायचा तर स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, बिनसाखरेचा. आणि चौघांच्या जिवावर नाही. सगळ्या सोळांवर."

"बिनसाखरेचा चहा म्हणजे बिनपेट्रोलची टॅक्सी," आजोबा पुटपुटले, पण किटली आणून दिली.

मिस्त्री निघाला. दारात थांबला आणि कापलेली वायर उलटसुलट करून बघत राहिला, विशेषतः टेपचं दुमडलेलं टोक.

"माझी पोरं फ्यूज घालायला कायम विसरतात," तो म्हणाला. "अण्णा, दिवसा काय करता तुम्ही?"

"ए!" मी ओरडले. "हा माणूस आला तर मी येणार नाही! सांगून ठेवते!"

"सकाळी आठला," मिस्त्री म्हणाला, स्क्रू तोंडात घातला आणि गेला. दोघांपैकी कोणाला म्हणाला ते काही सांगितलं नाही.

आजोबा तोवर चपला शोधायला लागलेही होते.